दारातच लिलाव नको : इंटरप्ट शिकवण्याविषयी थोडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर छाटणी झाली की नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागेतली हवामान केंद्रे, ठिबकचे कंट्रोलर, पंपाचे ऑटोमेशन हे विषय निघतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलेही त्याच सुमारास हेच प्रकल्प निवडतात. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे कंट्रोलर सांभाळणारे हातही कमी नाहीत. या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘दोन दिवस नीट चालते, मग अडकते, बंद करून चालू केले की पुन्हा चालते.’ मग दोष विजेला, पावसाला, नाहीतर स्वस्तातल्या बोर्डाला. तो खराही असू शकतो. पण बोर्ड बदलण्याआधी इंटरप्ट हाताळणारा कोड उघडून पाहावा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. आणि तो कोड लिहायला आपल्या वर्गांत फारसे कोणी शिकवत नाही, ही तक्रारही त्यातच.

पाठ्यपुस्तकात इंटरप्टला ‘व्यत्यय’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण फसवा आहे. कळ दाबली, नेटवर्क कार्डात पाकीट आले, टायमरचा ठोका पडला, की ते उपकरण प्रोसेसरला हाक मारते. त्या हाकेला ओ देणे हे कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे, रोजचेच काम आहे.

वर्गात शिकवली जातात ती ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरच्या इंटरप्टची पाच नावे : ट्रॅप, आरएसटी ७.५, ६.५, ५.५ आणि आयएनटीआर. पहिल्या चारांचे पत्ते हेक्स २४, ३सी, ३४ आणि २सी. हे पाठ असले की गुण मिळतात. यातली एक गोष्ट मात्र खरोखर जन्मभर पुरते : ७.५ ची पिन एज-ट्रिगर आहे, म्हणजे ओळ बदलते तो क्षणच हाक मानते; ६.५ आणि ५.५ लेव्हल-ट्रिगर, म्हणजे ओळ वर असेपर्यंत हाक चालूच. नेमका हाच फरक पुढे काय घोळ घालतो, ते कोणी सांगत नाही. त्याकडे खाली येऊच.

स्वतःचा छोटा कर्नल लिहू पाहणारी मुले आता दिसू लागली आहेत, याचे कौतुक आहे. त्यांची पहिली ठेच पीसीवर ठरलेली. एक्स८६ प्रोसेसरमध्ये इंटरप्टचे २५६ क्रमांक असतात. त्यातले ० ते ३१ इंटेलने प्रोसेसरच्या स्वतःच्या तक्रारींसाठी राखून ठेवले आहेत. शून्याने भागले तर ०, एक चूक हाताळतानाच दुसरी झाली (डबल फॉल्ट) तर ८, हवे ते मेमरीचे पान मिळाले नाही (पेज फॉल्ट) तर १४. पण आयबीएमने १९८१ च्या पीसीत ८२५९ या इंटरप्ट कंट्रोलरच्या आठ ओळी ८ ते १५ या क्रमांकांवर बसवल्या, आणि तो वारसा अजून चालू आहे. त्यामुळे प्रोटेक्टेड मोडमध्ये जाऊन इंटरप्ट सुरू केले की टायमरचा पहिला ठोका ८ वर येतो आणि कर्नलला वाटते डबल फॉल्ट झाला. मुले मग आपल्या पेजिंगच्या, म्हणजे मेमरीची पाने मांडणाऱ्या, कोडमध्ये रात्रभर चूक शोधतात. चूक तिथे नसतेच.

उपाय आठ ओळींचा आहे आणि त्याचा क्रम पक्का आहे. पोर्ट हेक्स २० (पहिला ८२५९) आणि ए० (नंतरच्या पीसींत त्याला जोडलेला दुसरा) वर ११ लिहा. मग पोर्ट २१ वर २० आणि ए१ वर २८ लिहा, म्हणजे ओळी ३२ ते ४७ या क्रमांकांवर सरकतात. पुन्हा २१ वर ४ आणि ए१ वर २ लिहा. यातून दुसरा कंट्रोलर पहिल्याच्या क्रमांक २ च्या ओळीवर जोडलेला आहे, हे दोघांना कळते. शेवटी दोन्हीकडे १. हे सगळे आकडे हेक्समधले. त्यानंतर मास्क, म्हणजे कोणत्या ओळी बंद ठेवायच्या ते : सुरुवातीला २१ वर एफसी, म्हणजे फक्त टायमर आणि कीबोर्ड उघडे, आणि ए१ वर एफएफ, म्हणजे दुसरा कंट्रोलर पूर्ण बंद. पुढे एपिक हा नवा इंटरप्ट कंट्रोलर वापरायचा असला तरी ८२५९ आधी असा सरकवून मगच मास्क करावा. बंद केलेला कंट्रोलरही एखादी खोटी हाक मारू शकतो आणि ती ८ ते १५ मध्ये आलेली परवडत नाही.

यानंतरचे दोष लक्षणांवरून ओळखता येतात. टायमरचा एकच ठोका येऊन सगळे शांत झाले, तर काम संपल्याची पोच द्यायची राहिली आहे. पोर्ट २० वर हेक्स २० लिहा. हाक दुसऱ्या कंट्रोलरवरची असेल तर आधी ए० वर, मग २० वर, अशी दोन्हीकडे पोच द्यावी लागते. कीबोर्डची पहिली कळ दिसते, दुसरी दिसत नाही, तर पोर्ट ६० वाचलेले नाही. तिथला अंक उचलला नाही तर कीबोर्ड पुढची हाक मारत नाही. अधूनमधून ७ क्रमांकाच्या ओळीवर हाक येते आणि तिथे उपकरणच नाही, तर ती भुताटकी नाही. हाक मारून ओळ मध्येच मागे गेली की ८२५९ तसेच करतो. अशा वेळी त्याचे इन-सर्व्हिस रजिस्टर, म्हणजे सध्या कोणती हाक हाताळली जात आहे त्याची नोंद, वाचावे. ७ चा बिट शून्य असेल तर पोच द्यायची नाही. हेच १५ च्या बाबतीत झाले तर पोच फक्त पहिल्या कंट्रोलरला द्यायची, दुसऱ्याला नाही. इतकी बारीक गोष्ट तोंडी परीक्षेत कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

हँडलरचा, म्हणजे हाकेला ओ देणाऱ्या कोडचा, असेंब्लीतला भाग ही वेगळी डोकेदुखी. ८, १०, ११, १२, १३, १४ आणि १७ हे एक्सेप्शन (प्रोसेसरच्या स्वतःच्या तक्रारी) स्टॅकवर, म्हणजे परतीचा पत्ता ठेवायच्या मेमरीत, एक जादा एरर कोड ठेवतात, उपकरणांचे इंटरप्ट ठेवत नाहीत. सगळ्यांना एकच मार्ग लावायचा तर जिथे तो नाही तिथे आपणच एक शून्य ढकलावे आणि परतताना काढून टाकावे. ते काढायचे राहिले तर परतीचा पत्ता म्हणून भलताच आकडा उचलला जातो, त्यातून फॉल्ट, त्यातून डबल फॉल्ट, आणि तिसऱ्याला मशीन मुकाट रीसेट होते. ६४ बिटांत आणखी एक सापळा : फंक्शने एकमेकांना बोलावण्याच्या सिस्टीम व्ही पद्धतीत कंपायलर स्टॅकच्या टोकाखालचे १२८ बाइट न विचारता वापरतो, त्याला रेड झोन म्हणतात. साध्या प्रोग्रॅममध्ये ते चालते. कर्नलमध्ये इंटरप्ट त्याच स्टॅकवर येऊन त्या बाइटांवरच आपली रजिस्टरे ठेवतो आणि कुठल्यातरी फंक्शनमधला लोकल व्हेरिएबल आपोआप बदलतो. जीसीसी या कंपायलरला ‘नो रेड झोन’ सांगून कर्नल कंपाइल करणे, एवढाच इलाज. एसएसई (एकदम अनेक आकडे हाताळणारी) रजिस्टरे जतन करणार नसाल तर तीही कर्नलच्या कोडमध्ये बंद ठेवा. आणि कोणत्या क्रमांकाला कोणता हँडलर हे सांगणाऱ्या टेबलातली नोंद इंटरप्ट गेटची, म्हणजे ८ई, करा. ८एफ हा ट्रॅप गेट झाला, त्यात हँडलर चालू असतानाही इंटरप्ट उघडे राहतात आणि एकावर एक हाका चढत स्टॅक संपतो. क्यूएमू या आभासी पीसीमध्ये इंटरप्टची नोंद ठेवणारा ‘-डी इंट’ आणि रीसेटऐवजी थांबवणारा ‘-नो-रीबूट’ हे दोन पर्याय लावले की यातले बहुतेक दोष पंधरा मिनिटांत सापडतात. रात्र घालवायची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा : हाकेला ओ देताना करायचे किती? लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे ट्रॅक्टर येतात तेव्हा दारावरचा माणूस नोंद करून ट्रॉली आत सोडतो. लिलाव, वजनकाटा, हिशेबपट्टी हे सगळे आत, आपापल्या जागी. दारावरच्यानेच माल बघून बोली लावायला घेतली तर रांग हमरस्त्यावर जाईल. इंटरप्ट हँडलर हा दारावरचा माणूस आहे. त्याने उपकरणाची स्थिती वाचावी, आलेला डेटा बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवावा, उपकरणाची खूण पुसावी, आत कोणालातरी उठवावे आणि परतावे. लिनक्समध्ये याला टॉप हाफ म्हणतात. आतला लिलाव म्हणजे बॉटम हाफ : सॉफ्टआयआरक्यू, वर्कक्यू किंवा थ्रेडेड आयआरक्यू. नवीन ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आधी थ्रेडेडच निवडावा, असे आमचे मत. त्यात थांबता येते, म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) घेता येतो, आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरचा सेन्सर वाचता येतो. टॉप हाफमध्ये यातले काहीच चालत नाही.

का चालत नाही, याचा हिशेब कागदावर होतो. सिरियल पोर्ट १,१५,२०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला तितक्या बिटांवर, आहे. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, म्हणजेच साधारण ८७ मायक्रोसेकंदांना एक. आता हँडलरमध्ये ‘डेटा आला’ अशा अर्थाची चाळीस अक्षरांची ओळ त्याच वेगाने छापली, तर साडेतीन मिलिसेकंद गेले. तेवढ्यात समोरून चाळीस बाइट येऊ शकतात. सिरियल पोर्टच्या १६५५० चिपच्या रांगेत जागा सोळांची. उरलेले गेले. ज्या मायक्रोकंट्रोलरच्या यूआर्टला (सिरियल पोर्ट सांभाळणाऱ्या भागाला) रांगच नाही, एकच डेटा रजिस्टर आहे, तिथे जवळपास सगळेच गेले. चूक शोधायला टाकलेली प्रिंटची ओळच चूक निर्माण करते, आणि ती काढली की दोष नाहीसा होतो. मग अहवालात ‘आपोआप सुधारले’ असे येते!

बागेतल्या पर्जन्यमापकाचे उदाहरण याहून जवळचे. टिपिंग बकेटमध्ये वाटी एकदा कलंडली की सहसा ०.२ मिलिमीटर पाऊस धरतात आणि चुंबकाने मिटणारा रीड स्विच एक पल्स देतो. पण स्विचचे संपर्क मिटताना क्षणभर उघडझाप करतात, आणि एज-ट्रिगर इंटरप्ट प्रत्येक उघडझाप मोजतो. एका कलंडण्याचे दोन किंवा तीन झाले की पाऊस दुप्पट-तिप्पट दिसतो. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची फवारणी करायची की नाही, हे त्या आकड्यावर ठरणार असेल तर औषधाचा खर्च फुकट. यावर हँडलरमध्ये पन्नास मिलिसेकंदांचा डिले टाकणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट उपाय, कारण तेवढा वेळ बाकी यंत्रणा बहिरी होते. हँडलरने फक्त टायमरची वेळ पाहावी आणि आधीच्या पल्सपासून १०० मिलिसेकंद झाले नसतील तर पल्स सोडून द्यावा. तासाला २०० मिलिमीटरचा प्रलय धरला तरी वाटी तासात हजार वेळा, म्हणजे ३.६ सेकंदांना एकदा कलंडते. १०० मिलिसेकंदांत खरी पल्स हुकणार नाही. मात्र हाच आकडा वारा मोजणाऱ्या वाट्यांना लावू नका, नाहीतर सेकंदाला दहाच्या वर मोजणीच थांबेल आणि वादळातही मंद वारा दिसेल.

याच्या जोडीला तार. पाण्याची पातळी कळवणाऱ्या फ्लोट स्विचची लांब तार पंपाच्या स्टार्टरच्या केबलला बांधून नेलेली असते. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (मोठा स्विच) पडताना तिच्यात खोटे एज शिरतात. मायक्रोकंट्रोलरच्या आतला पुल-अप, म्हणजे ओळ एरवी वर ओढून ठेवणारा रेझिस्टर, सुमारे ४० किलोओहमचा, म्हणजे कमकुवत. बाहेरून ४.७ किलोओहमचा लावा, तारेच्या टोकाशी ऑप्टोकपलर (प्रकाशातून संकेत पोचवणारा भाग) द्या, तार वेगळ्या पाइपातून न्या. कोडने सगळे निस्तरता येत नाही.

सामायिक व्हेरिएबलची चूक सर्वांत उशिरा सापडते. आर्डुइनो उनो आर३ चा प्रोसेसर आठ बिटांचा. मोजणीचा १६ बिटांचा आकडा तो दोन हप्त्यांत वाचतो. आकडा २५५ असताना खालचा बाइट २५५ वाचला, तेवढ्यात इंटरप्टने तो २५६ केला, मग वरचा बाइट १ वाचला : हाती आले ५११. ‘व्होलाटाइल’ लिहून हे थांबत नाही; तो शब्द कंपायलरला फक्त मेमरीतून पुन्हा वाचायला लावतो. वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करून, आकडा उतरवून घेऊन, ते आधी होते त्या स्थितीत आणले पाहिजेत. ‘आधी होते त्या स्थितीत’ हे महत्त्वाचे. सरसकट चालू केले तर ज्याने मुद्दाम बंद ठेवले होते त्याचा घात होतो. लिनक्समध्ये याच कारणाने ‘स्पिनलॉक आयआरक्यूसेव्ह’ आहे. साधा स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत जागीच फिरत वाट पाहायला लावणारे कुलूप) धरलेला असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला आणि हँडलरने तोच लॉक मागितला, तर हँडलर लॉकची वाट पाहणार, आणि लॉक सोडणारा हँडलर संपण्याची. एक प्रोसेसर धरून बांधलेल्या कर्नलमध्ये साधा स्पिनलॉक प्रत्यक्ष फिरतच नाही, म्हणून जुन्या मशीनवर चाचणी पास होते आणि चार कोअरच्या बोर्डावर यंत्र गोठते. कर्नल बांधताना ‘प्रूव्ह लॉकिंग’ आणि ‘डीबग अॅटॉमिक स्लीप’ हे पर्याय चालू ठेवा, गोठण्याआधीच ओरडतात.

आता तो एज आणि लेव्हलचा हिशेब. लेव्हल-ट्रिगर ओळ उपकरणाची खूण पुसेपर्यंत वरच राहते. खूण न पुसता परतलात की त्याच क्षणी पुन्हा हाक, पुन्हा, पुन्हा; मुख्य काम एक पाऊल पुढे जात नाही. एजचे उलटे : खूण पुसण्यात उशीर केला आणि मधेच दुसरी घटना झाली तर तिची हाक कधीच ऐकू येत नाही. म्हणून एजवर आधी खूण पुसायची आणि मग बफर रिकामा होईपर्यंत वाचत राहायचे. एकाच ओळीवर दोन-तीन उपकरणे असतील तर प्रत्येक ड्रायव्हरने आधी आपल्या उपकरणाला ‘तू हाक मारलीस का’ असे विचारावे, आणि नसेल तर प्रामाणिकपणे ‘माझी नाही’ असे परतवावे. लिनक्स याचा हिशेब ठेवतो : लाखभर हाकांपैकी ९९,९०० हून अधिक कोणीच आपल्या म्हटल्या नाहीत, तर ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश देऊन ती ओळच बंद करतो. तो संदेश दिसला की काहीजण कर्नलला शिव्या घालतात. वास्तविक त्याने मशीन वाचवलेले असते.

नेटवर्कविषयी थोडक्यात. एक गिगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान, ६४ बाइटांची पाकिटे पूर्ण वेगाने आली तर सेकंदाला १४,८८,०९५ होतात. प्रत्येकाला वेगळा इंटरप्ट दिला तर प्रोसेसर हाकांनाच ओ देत बसतो. लिनक्सची नॅपी पद्धत पहिल्या हाकेनंतर त्या कार्डाचे इंटरप्ट बंद करते आणि एका फेरीत सहसा ६४ पर्यंत पाकिटे स्वतः जाऊन उचलते. रांग संपली की पुन्हा इंटरप्ट चालू. गर्दीत हाक नको, फेरी मारा. ‘पोलिंग वाईट, इंटरप्ट चांगला’ हे वहीतले वाक्य म्हणूनच अर्धे खरे.

‘दोन दिवस चालते, मग अडकते’ याचे सर्वांत पक्के उत्तर एसटीएम३२ हा मायक्रोकंट्रोलर आणि फ्रीआरटॉस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांकडे आहे. आर्मच्या कॉर्टेक्स-एममध्ये प्राधान्याचा आकडा जितका लहान तितका हक्क मोठा, आणि रीसेटनंतर सगळ्यांचा आकडा ०, म्हणजे सर्वोच्च. हँडलरमधून बोलावण्यासाठीची फ्रीआरटॉसची ‘फ्रॉमआयएसआर’ फंक्शने मात्र ठरावीक पातळीच्या वरच्या हक्काच्या इंटरप्टमधून बोलावता येत नाहीत, कारण फ्रीआरटॉस आपल्या याद्या हलवताना तेवढ्या पातळीपर्यंतचेच इंटरप्ट रोखतो. प्राधान्य न लावता ० वरून क्यूमध्ये टाकत गेलात, तर यादी अर्धवट असताना कधीतरी इंटरप्ट येतो आणि यादी तुटते. हे तासाभरात होईल किंवा आठवड्याने. मर्यादा ५ असेल तर अशा इंटरप्टला ५ किंवा त्याहून मोठा आकडा द्या, चारही बिट मुख्य प्राधान्याला द्या आणि अशी चूक जागीच पकडणारा ‘कॉन्फिगअॅसर्ट’ चालू ठेवा. आणखी एक : वॉचडॉगला, म्हणजे वेळेवर खूण मिळाली नाही तर यंत्र रीसेट करणाऱ्या टायमरला, टायमरच्या हँडलरमधून खाऊ घालू नका. मुख्य लूप मेला तरी टायमर जिवंत राहतो, वॉचडॉगला सगळे आलबेल वाटते, आणि पंप रात्रभर कोरडा चालतो.

अशा पुन्हा न दिसणाऱ्या चुकांची धास्ती नवी नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रांचा १९५९ चा अॅमस्टरडॅममधला डॉक्टरेटचा प्रबंध एक्स१ या संगणकाच्या इंटरप्टवर चालणाऱ्या इनपुट-आउटपुटच्या कोडविषयीच होता.

तेव्हा मागणी साधी आहे. ८०८५ ठेवा, पण त्याच्या जोडीला चार प्रात्यक्षिके घ्या. पहिल्याला खर्च शून्य : लॅबमधल्या लिनक्सवर ‘प्रॉक’ मधली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल दर सेकंदाला दाखवायची आणि कळा दाबून कोणता आकडा वाढतो ते मुलांना शोधू द्यायचे, यूएसबी कीबोर्डवर वेगळीच ओळ हलते, त्यावर अर्धा तास चर्चा सहज होते. दुसरे क्यूएमूमध्ये : ८२५९ सरकवा, टायमर ११,९३,१८२ ला ११,९३२ ने भागून सेकंदाला १०० ठोक्यांवर आणा, मग पोच देणारी ओळ काढून काय होते ते लिहा. तिसरे रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेवर, एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये : प्लिक या तिथल्या इंटरप्ट कंट्रोलरकडून क्रमांक उचलणे आणि काम झाल्यावर परत करणे, आणि परत न केल्यास काय होते ते पाहणे. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर याच रचनेचे आहेत, तेव्हा हे ज्ञान घरच्या घरीही उपयोगी. चौथ्याला काही शे रुपयांचा एसटीएम३२ बोर्ड आणि आठ वाहिन्यांचा स्वस्त लॉजिक अॅनालायझर पुरतो : हँडलरच्या पहिल्या ओळीत एक पिन वर, शेवटच्या ओळीत खाली, आणि हँडलर किती मायक्रोसेकंद चालतो ते पडद्यावर मोजायचे. मग त्यात एक प्रिंट टाकून पुन्हा मोजायचे.

बाह्य परीक्षकांनीही व्याख्या विचारण्याऐवजी विद्यार्थ्याच्याच कोडमधली एक ओळ पुसावी आणि आता काय होईल ते विचारावे. पोच देणारी ओळ त्यासाठी उत्तम.

आपले,
संगणकप्रणाली आणि एम्बेडेड क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
नाशिक